उताराचं शहर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा नकाशा घ्यावा आणि ट्रेंटन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, रिचमंड ही शहरं पेन्सिलीनं जोडत जावी. रेघ किनाऱ्याला जवळजवळ समांतर खाली उतरते. शहरं वसवणाऱ्यांनी ती ठरवून आखलेली नव्हती. रेघेच्या पश्चिमेला जुना, कठीण खडक आहे आणि पूर्वेला वाळू-मातीचे मऊ थर. डोंगराकडून येणारी प्रत्येक नदी या रेघेवर खडकावरून मऊ जमिनीत उतरते आणि उतरताना धडपडते. भूशास्त्रात हिला ‘फॉल लाइन’ म्हणतात. समुद्रातून वर येणारं गलबत इथवर येऊन अडायचं. गलबत अडलं की माल उतरवावा लागतो, माल उतरला की गोदाम लागतं, गोदामामागं दुकान येतं, दुकानामागं खानावळ आणि चर्च. शिवाय पडत्या पाण्यावर पिठाची चक्की फुकटात फिरते. शहर व्हायला एवढं पुष्कळ झालं.

जेम्स नदीवरचा हा अडथळा इंग्रजांच्या वाट्याला 1607 च्या मे महिन्यात आला. जेम्सटाउनला उतरून त्यांना पंधरवडाही झाला नव्हता. ख्रिस्तोफर न्यूपोर्ट आणि जॉन स्मिथ नदीनं वर निघाले, खडकांपाशी पोचले आणि तिथंच थांबले, कारण पुढं बोट जाईना. तिथं एक क्रूस रोवून ते मागं फिरले. त्या काठावर पॉव्हॅटन लोक आधीपासून राहत होते, आणि खडकांमधल्या कोणत्या वाटेनं मासे चढतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पुढं 1737 मध्ये विल्यम बर्ड या जमीनदारानं इथं शहराची आखणी करून घेतली आणि 1780 मध्ये रिचमंड व्हर्जिनियाची राजधानी झालं.

बाकीच्या बहुतेक शहरांत हा उतार आता कुठंतरी कडेला गेला आहे किंवा बांधकामाखाली दडला आहे. वॉशिंग्टनजवळचा पोटोमॅक नदीचा मोठा धबधबा शहराच्या बराच वर आहे. रिचमंडमध्ये हा उतार ऐन मध्यात राहिला. शहराच्या हद्दीत नदी 11 किलोमीटरांत सुमारे 32 मीटर उतरते, आणि त्यातला सर्वांत जोरकस तुकडा बँका-कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी आहे. संध्याकाळी कचेरीतून सुटलेला माणूस कपडे बदलून तासाभरात चौथ्या श्रेणीच्या पाण्यात असू शकतो. जगात अशी शहरं हाताच्या बोटांवर मोजावी लागतील.

ही श्रेणी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नदीच्या फेसाळत्या टप्प्यांची, म्हणजे रॅपिडांची, सहा श्रेणींत प्रतवारी करायची पद्धत जगभर चालते. पहिल्या श्रेणीत पाण्याला नुसती घाई असते. दुसरीत लाटा उठतात, पण वाट समोर दिसत असते. तिसरीत वाट वळणं घेते आणि चुकलं तर नाव उलटते. चौथीत पाण्याला ताकद असते, वाट अरुंद असते आणि वल्ह्याचा फटका नेमका पडावाच लागतो. पाचवी मोजक्या तरबेजांची. सहावी म्हणजे जिवाची खात्री नाही. ही श्रेणी रॅपिडला कायमची चिकटलेली नसते, पाण्याच्या पातळीबरोबर ती बदलते. उन्हाळ्यात शाळकरी पोरं ज्या खडकावर पाय सोडून बसतात, त्याच खडकावर मार्चमध्ये माणसाला खाली खेचणारा लोट असू शकतो.

जेम्सच्या शहरी भागाचे दोन हिस्से मानले जातात. वरच्या हिश्शात पोनी पाश्चरसारखे सोपे रॅपिड आहेत, नवशिके तिथं शिकतात. खालचा हिस्सा रीडी क्रीकपाशी सुरू होतो. आधी लागतो ‘फर्स्ट ब्रेक’. मग बेल आयल नावाच्या बेटाच्या उत्तर अंगाला ‘हॉलीवूड’. सिनेमाशी त्याचा संबंध नाही. वरच्या टेकडीवर 1847 पासूनची हॉलीवूड दफनभूमी आहे, तिथं जेम्स मन्रो आणि जॉन टायलर हे अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष पुरलेले आहेत आणि यादवी युद्धातल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिसही. कड्यावर थडगी, खाली रॅपिड, समोर बेट. त्या बेटावर यादवीच्या काळात उत्तरेच्या युद्धकैद्यांची छावणी होती, लोखंडाचा कारखानाही होता, आणि आज तिथं लोक कुत्री फिरवतात. पुढं ‘सेकंड ब्रेक’, आणि शेवटी रेल्वेच्या उन्नत मार्गाखालून जाणारे ‘पाइपलाइन’ रॅपिड. त्याच्या थोडं खाली समुद्राची भरती सुरू होते आणि नदी एकदम सपाट होते.

ही नावं नीट वाचली तर एक गोष्ट दिसते. खिंडार, नळ. उतार आणि सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट निसर्गानं दिला, पण त्यावर पाणी कुठून आणि कसं कोसळेल हे बरंचसं माणसानं ठरवलं, आणि तेही नकळत. दोन शतकांत चक्क्या, कागद कारखाने, कालवे, ट्रेडेगरचा लोखंडाचा कारखाना, नंतर जलविद्युत केंद्र या सगळ्यांनी नदीत आडव्या-तिरक्या भिंती घातल्या. धंदे बंद पडले, भिंती उरल्या, त्यांना खिंडारं पडली. ‘फर्स्ट ब्रेक’ आणि ‘सेकंड ब्रेक’ ही तीच खिंडारं. कारखानदारीचे अवशेष काठावर जपून ठेवणारी शहरं पुष्कळ आहेत, इथं त्या अवशेषांतून वल्हवत जाता येतं.

पण अवशेष म्हटले की लोखंड आलं. डोंगरातल्या नदीतला खडक पाण्यानं घासून गुळगुळीत केलेला असतो. मोडलेल्या काँक्रीटमधून मात्र सळया बाहेर आलेल्या असतात, आणि त्या पाण्याखाली दिसत नाहीत. शहरी नदीत कयाक चालवणाऱ्याला हे वेगळं शिकावं लागतं. डोंगरात ज्या लाटेवर बिनधास्त खेळावं, तसल्याच लाटेखाली इथं काय आहे ते आधी जुन्या जाणत्याला विचारायचं.

आता कयाकमध्ये बसलेल्या माणसाकडे जवळून पाहू. बोट आठ-नऊ फुटांची, जाड प्लास्टिकची, पोटाकडे गोलसर. माणूस पाय पुढं लांब करून बसतो, गुडघे वरच्या कडेखाली अडकवतो, आणि कमरेभोवतीचा रबरी घेर बोटीच्या तोंडाच्या काठावर ताणून बसवतो, म्हणजे आत पाणी शिरत नाही. घेराला पुढं एक पट्टी असते. ती बाहेर राहिली आहे ना, हे बसल्यावर हातानं चाचपून पाहायचं, कारण बोट उलटून सरळ करता आली नाही तर तीच ओढून बाहेर पडायचं असतं. उलटलेली बोट सरळ करण्याच्या युक्तीला रोल म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, हातांच्या जोरावर माणूस वर आला. खरं काम कमरेचं आणि गुडघ्याचं असतं. वल्ह्याचा पाण्यावर आधार घ्यायचा, कमरेच्या झटक्यानं बोट फिरवायची, आणि डोकं सगळ्यांत शेवटी वर आणायचं. श्वास हवा असतो म्हणून नवशिका डोकं आधी काढतो आणि पुन्हा उलटतो.

हॉलीवूडच्या तोंडाशी आलेला माणूस लाटांकडे पाहत नाही, तो जिभा पाहतो. दोन खडकांमधून पाणी निसटतं तेव्हा काळ्या, गुळगुळीत पाण्याची एक निमुळती जीभ खाली गेलेली दिसते. टोक खालच्या बाजूला असेल तर ती वाट. टोक आपल्याकडे असेल तर तिथं पाण्याखाली खडक आहे. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे एडी. मोठ्या खडकाच्या पाठीमागं प्रवाह उलटा, वरच्या दिशेनं वळतो आणि तिथं पाणी शांत असतं. गर्दीच्या रस्त्यात खांबाच्या आडोशाला उभं राहून पुढचा रस्ता न्याहाळावा, तसा कयाकवाला एडीत शिरतो, दम खातो, पुढची वाट बघतो. दोन प्रवाहांच्या सीमेवर मात्र घात असतो. खाली जाणारं आणि वर वळणारं पाणी जिथं घासतं ती रेघ ओलांडताना बोट ज्या बाजूला कलवायची तिच्या उलट कलवली, तर क्षणात डोकं खाली. चांगला कयाकपटू रॅपिड एका दमात उतरत नाही, एडीमागून एडी घेत उतरतो. तो किती जोरात वल्हवतो यावरून त्याची पारख करू नये, कुठं थांबतो ते बघावं.

पाणी एखाद्या कड्यावरून पडून खाली स्वतःवरच वळतं तेव्हा ‘होल’ तयार होतं. नैसर्गिक होल वेडंवाकडं असतं, कुठंतरी त्याला तोंड असतं, तिथून बाहेर पडता येतं. सरळ, एका उंचीच्या बंधाऱ्याखालचं होल काठापासून काठापर्यंत सलग असतं. त्यात सापडलेली वस्तू खाली खेचली जाते, थोडी पुढं वर येते, पुन्हा भिंतीकडे ओढली जाते आणि पुन्हा खाली जाते. ओंडका असो, माणूस असो, पाण्याला फरक पडत नाही. शहराच्या वरच्या टोकाला बॉशर धरण आहे, जेमतेम माणूस-दोन माणूस उंचीचं. वरून येणाऱ्याला ते दिसतही नाही, फक्त नदी पुढं संपल्यासारखी वाटते. 2022 च्या मे महिन्याच्या अखेरीस सुट्टीच्या दिवशी बारा जणांचा एक गट त्यावरून खाली गेला आणि त्यातल्या दोन तरुणी बुडाल्या. चौथ्या श्रेणीचा हॉलीवूड माणसाला घाबरवतो, म्हणून तिथं लोक जपून वागतात. बॉशर घाबरवत नाही.

या नदीत उतरायला एकेकाळी कोणी धजावलं नसतं, त्याचं कारण मात्र लाटा नव्हे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत रिचमंडचं मैलापाणी जसंच्या तसं जेम्समध्ये जायचं. ज्या शहरानं नदीमुळं जन्म घेतला त्यानं तिच्याकडं पाठ करून इमारती बांधल्या. 1972 या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. जूनमध्ये ॲग्नेस वादळाचा पूर आला आणि शहराच्या बंदराजवळ पाणी 36 फुटांच्या वर गेलं. ऑक्टोबरमध्ये क्लीन वॉटर ॲक्ट मंजूर झाला. अध्यक्ष निक्सन यांनी तो नकाराधिकार वापरून परत पाठवला होता, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो नकार मोडून काढला. आणि त्याच वर्षी, नागरिकांनी दान दिलेल्या काठच्या जमिनीतून, जेम्स रिव्हर पार्क सुरू झाला. पुराच्या भीतीनं काठावर आणि बेटांवर फारसं बांधकाम झालेलं नव्हतं, खडकांमुळं यांत्रिक बोटी येत नव्हत्या. गैरसोयीनं राखलेलं जंगल आयतंच हाती होतं. आज हा पार्क सुमारे 600 एकरांचा आहे आणि तो एका राजधानीच्या पोटात आहे.

पण कायदा झाला आणि नदी सुधारली, असं सरळ घडलं नाही. 1975 मध्ये रिचमंडच्या खाली, होपवेल गावात, एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत चालणाऱ्या छोट्या कारखान्यातल्या कामगारांचे हात थरथरू लागले. तिथं केपोन हे कीटकनाशक बनवलं जात होतं, ते ॲलाइड केमिकल या बड्या कंपनीसाठी. एका डॉक्टरनं कामगाराचं रक्त तपासणीला पाठवलं आणि प्रकरण उघडकीला आलं. विष कामगारांच्या रक्तात होतं, तसं सांडपाण्यावाटे नदीच्या गाळातही गेलं होतं. डिसेंबरमध्ये गव्हर्नर मिल्स गॉडविन यांनी रिचमंडपासून थेट चेसापीक उपसागरापर्यंत मासेमारी बंद केली. निर्बंध 1988 पर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात टिकले. ॲलाइडला 1 कोटी 32 लाख डॉलरांचा दंड झाला. कंपनीनं 80 लाख डॉलर पर्यावरण निधीला दिल्यावर न्यायाधीशांनी दंड 50 लाखांवर आणला, आणि त्या पैशातून उभा राहिलेला व्हर्जिनिया एन्व्हायरन्मेंटल एन्डाउमेंट आजही काम करतो. जेम्स रिव्हर असोसिएशन ही राखणदार संस्था 1976 ची, म्हणजे याच धक्क्याच्या पाठोपाठची.

केपोनचं पुढं काय झालं? ते कोणी काढलं नाही. गाळ उपसायचा खर्च अवाढव्य होता आणि उपसताना विष पुन्हा पाण्यात मिसळण्याची धास्ती होती. नदीनं वर्षानुवर्षं नवा गाळ आणला आणि जुना झाकत गेली. ते अजून खालीच आहे. ‘सावरलेली नदी’ हा शब्दप्रयोग वापरताना मला म्हणून थोडं अडखळायला होतं. तिनं काही गोष्टी पचवल्या, काही नुसत्या पुरल्या.

जे परतलं ते मात्र खरंच परतलं. 1970 च्या दशकाच्या मध्यावर जेम्सच्या काठी टकल्या गरुडाचं एकही घरटं उरलं नव्हतं, डीडीटीमुळं अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली, आणि आज या नदीकाठी शेकडो जोड्या आहेत. पाइपलाइन रॅपिडपाशी झाडांच्या शेंड्यांवर मोठ्या निळ्या बगळ्यांची घरटी असतात आणि वसंताच्या सुरुवातीला कयाकवाले त्यांच्या खालून जातात. स्टर्जन हा माणसाहून लांब वाढणारा, अंगावर हाडांच्या ढाली असलेला मासा. जेम्सटाउनच्या उपासमारीत याच माशानं अनेकांना जगवलं, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या अंड्यांसाठी त्याचा जवळजवळ निकाल लागला. 2012 मध्ये त्याला संकटग्रस्त घोषित केलं. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचे संशोधक आज शरद ऋतूत त्याला रिचमंडच्या खालच्या पाण्यात अंडी घालायला आलेला पाहतात, आणि कधीमधी तो संपूर्ण अंगानिशी पाण्याबाहेर उडी मारतो. का मारतो, यावर जाणकारांत अजून वाद आहे.

माशांसाठी भिंतीही फोडल्या. शहरातल्या दोन जुन्या बंधाऱ्यांना 1989 मध्ये खिंडारं पाडली, 1993 मध्ये तिसऱ्याला खाच दिली, आणि 1999 मध्ये बॉशर धरणाच्या कडेला माशांना चढायला जिना बांधला. दीडशेहून जास्त वर्षांनी वरची नदी खुली झाली. अपेक्षा शॅड या माशाची होती, कारण एकेकाळी वसंतात त्याच्या झुंडीच्या झुंडी इथून डोंगरापर्यंत जायच्या. वाट झाली, मासा मात्र आला नाही म्हणावा इतका थोडा आला. व्हर्जिनियात शॅडच्या मासेमारीवर 1994 पासून बंदी आहे, तरी त्याची संख्या वर निघत नाही. नदीच्या इतर खात्यांत सुधारणा झाली, म्हणूनच 2019 चा थिस आंतरराष्ट्रीय नदी पुरस्कार जेम्सला मिळाला. शॅडचं खातं रिकामंच राहिलं.

कयाकिंगमुळं नदी सुधारली, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. सुधारणेचं श्रेय कायद्याला, मैला-शुद्धीकरणावर ओतलेल्या पैशाला आणि काही बंद पडलेल्या कारखान्यांना. खेळानं दुसरं काम केलं. नदीचं पाणी ज्याच्या नाकातोंडात गेलं आहे असा मतदार तयार केला. कॅनो स्लॅलममध्ये पाच वेळा वैयक्तिक जगज्जेता ठरलेला जॉन लगबिल इथं येऊन राहिला आणि स्पोर्ट्स बॅकर्स या संस्थेचं काम त्यानं वर्षानुवर्षं पाहिलं. तिचा नदीकाठचा रिव्हररॉक महोत्सव 2009 पासून भरतो. जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरानं तर चॅटाहूची नदीवरचे दोन गिरणी-बंधारे फोडून 2013 मध्ये मुद्दाम खेळाचा मार्ग तयार केला. रिचमंडला तसं आखीव काही करावं लागलं नाही, आणि मला ते बरं वाटतं. आखलेल्या मार्गात खडक सिमेंटनं जागच्या जागी बसवतात, इथं पुरानंतर वाट थोडी बदललेली असते.

आता पाण्याच्या पातळीकडे वळू, कारण कयाकवाल्याचं सगळं घोडं तिथं अडतं. वेस्टहॅम इथं नदीची मापनपट्टी आहे. तिचा आकडा खोलीचा नसतो, ठरावीक खुणेपासूनच्या उंचीचा असतो, पण शहराचे नियम त्यावर बेतलेले आहेत. आकडा 5 फुटांवर गेला की प्रत्येकाला लाइफ जॅकेट सक्तीचं. 9 फुटांवर गेला की शहराच्या खास परवान्याशिवाय नदीत उतरायचं नाही, आणि परवाना तरबेजांनाच मिळतो. उन्हाळ्यात पाणी खडकांच्या सांदीत जातं तेव्हा कयाकवाले पावसाची वाट पाहतात. आणि पाऊस आला की मैला येतो.

रिचमंडच्या सुमारे एक-तृतीयांश भागात पावसाचं पाणी आणि संडास-मोरीचं पाणी एकाच नळातून वाहतं. जुन्या शहरांत पूर्वी असंच करायचे. कोरड्या दिवशी सगळं शुद्धीकरण केंद्रात जातं. जोराचा पाऊस पडला की नळ भरतात, आणि केंद्र किंवा घरं तुंबू नयेत म्हणून जास्तीचं मिश्रण नदीकाठच्या सुमारे पंचवीस तोंडांतून थेट जेम्समध्ये सुटतं. ही गळती अपघात नव्हे, रचनाच तशी आहे. पाइपलाइन रॅपिडला ज्या नळाचं नाव मिळालं तोही सांडपाण्याचाच नळ. त्यावर लोखंडी पायवाट आहे आणि तिथून लोक बगळे आणि कयाक पाहतात.

यातली खोच अशी की पाणी चढवणारा पाऊस आणि घाण आणणारा पाऊस नेहमी एकच नसतो. जेम्सचं पाणलोट क्षेत्र 26 हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. ब्लू रिज आणि त्यापलीकडच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचं पाणी शहरात पोचायला दिवस-दोन दिवस लागतात. डोंगरात पाऊस, शहर कोरडं, असा योग आला तर नदी चढलेली असते आणि शहराचे नळ गप्प असतात. तेही पाणी निर्मळ नसतं, त्यात शेतातली माती आणि खत असतं, आणि वर लिंचबर्ग शहरातही असेच जुने एकत्र नळ आहेत. पण त्यातल्या त्यात बरं. उलट ऐन ऑगस्टात, नदी तळाला गेलेली असताना, वळिवाची एक सर फक्त शहरावर पडली, तर पातळी बोटभर हलत नाही आणि मैला मात्र सुटतो, पातळ करायला पाणी नसताना. जाणता कयाकवाला म्हणून एक आकडा पाहून नदीत उतरत नाही. पट्टीवर किती फूट, हे तो बघतोच, शिवाय पाऊस कुठं पडला आणि कधी, हेही बघतो. उन्हाळ्यात जेम्स रिव्हर असोसिएशनचे स्वयंसेवक दर आठवड्याला जिवाणूंची तपासणी करतात, तो निकालही पाहून ठेवतो.

पाण्याचं हे वेळापत्रक आपल्याकडच्या रॅफ्टिंगवाल्यांना वेगळ्या तऱ्हेनं ठाऊक आहे. कोलाडला कुंडलिका नदीत सकाळी रॅफ्टिंग होतं, कारण वीजघरातून पाणी तेव्हा सुटतं. पाणी सोडलं नाही तर उन्हाळ्यात तिथं नुसते गोटे. हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी टाटांनी बोगद्यातून आणि नळांतून घाटाखाली सुमारे 500 मीटर उतरवून भिऱ्याच्या वीजघरात आणलं. हे तेच धरण, ज्याच्याविरुद्ध 1920 च्या दशकात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. जनित्रं फिरवून झाल्यावर ते पाणी कुंडलिकेत जातं. म्हणजे पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात जे पाणी दिसत नाही, त्यातलं काही कोलाडला हेल्मेट घालून आलेल्या पुणेकरांना हेलकावे देत असतं. पुण्यात नदीसुधार म्हटलं की काठावरच्या भिंती आणि पायवाटांवर भांडणं होतात. पात्रात पाणी किती आणि कुठून, हा प्रश्न मात्र मागं पडतो.

रिचमंडला पाण्याची टंचाई नाही, त्याला पैसा आणि मुदत यांची अडचण आहे. जुन्या शहरातले रस्ते खणून दोन वेगळे नळ टाकणं कोट्यवधी डॉलरांचं काम, म्हणून शहरानं आधी पावसाचं मिश्रण काही तास साठवून ठेवणारा प्रचंड हौद शॉको भागात बांधला, मग मोठे नळ टाकले आणि शुद्धीकरणाची क्षमता वाढवली. गळती बरीच घटली, थांबली नाही. 2020 मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळानं कायदाच केला की रिचमंडनं हे काम 2035 च्या जुलैपर्यंत उरकायचं. पैसे कुणी किती द्यायचे, यावर शहर आणि राज्य यांची ओढाताण चालू आहे आणि पाणीपट्टी भरणारा दोघांकडेही संशयानं पाहतो. तोवर शहरात जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नये, असा सल्ला आहे. डोंगरातही पाऊस झाला असेल तर नेमकं तेव्हाच हॉलीवूडला पाणी झकास असतं, आणि सल्ला पाळणारे थोडे.